गो-कार्टच्या पार्टचा धंदा मराठवाड्यात चालंल का? (वेल्डर माणसाचा प्रश्न)

सीओटू_गन (वाळूज)

नमस्कार मंडळी. मी मूळचा गेवराई तालुक्यातला. आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून वाळूजला एका व्हेंडरकडं सीओटू वेल्डिंगच्या लाइनवर लागलो, अजून तिथंच आहे. तीनचाकीच्या फ्रेमला ब्रॅकेट मारायचं काम. हात बसलाय, पगार वेळेवर आहे, पण कंत्राटी.

मागच्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची गो-कार्ट वेल्ड करून दिली. ड्रॉइंग त्यांचं, हात माझा. इंजिन जुन्या १५० सीसीच्या मोटारसायकलचं. पोरांनी कॉलेजच्या मैदानात मला पण चालवायला दिली. तेव्हापासून कामावर गन हातात धरली तरी डोक्यात तेच चालू राहतंय.

विचारायचं असं, की या कामात पोट भरंल का? म्हणजे कार्टची (छोट्या उघड्या रेसगाडीची) फ्रेम, बंपर, सायलेन्सर, असले पार्ट बनवून. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचा) पाइप आपल्याकडं कुठं भेटतो? का सरळ पुण्याला नाही तर कोइम्बतूरला जावं? वडील म्हणतात पर्मनंटची वाट बघ, हे खेळण्याचे धंदे श्रीमंताचे.

आणि एक तांत्रिक. आमची कार्ट वळणावर वळायचीच नाही, सरळ पळायची. जरा जोरात घातली की मागून टणाटणा उड्या मारायची. फ्रेम तर मी चांगली दणकट केली होती. फोटो टाकलेत, बघून सांगा.

डांबरी_खड्डा (धाराशिव)

भाऊ, आमच्याकडं रस्त्यावर गाडी चालवणं हेच मोटरस्पोर्ट आहे. शॉकअबच्या बुशचा धंदा टाक, पिढ्या बसून खातील.

आर्गन_काका (जोगेश्वरी, वाळूज)

उशिरा लिहायलोय, दोन फ्रेमा जिगवर (पाइप जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यावर) अडकल्या होत्या.

आधी तुझ्या कार्टचं, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. तू ती रिक्षासारखी मजबूत केलीस. फोटोत मागच्या बेअरिंग हँगरपासून (मागचा आस धरणाऱ्या ब्रॅकेटपासून) सीटखालपर्यंत दोन तिरके पाइप आणि चारही कोपऱ्यांत गसेट (कोपरा पक्का करायच्या तिकोनी पट्ट्या) दिसायलेत. वाळूजचा हात! आपल्याकडं लाइनवर फ्रेम हलली की रिजेक्शन, म्हणून दिसला कोपरा की लाव पट्टी. कार्टला ना सस्पेन्शन असतं ना डिफरन्शियल. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात, म्हणून ती शेताच्या बांधाला सहज वळते. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी, आणि फिरणार दोघं सारखीच. मग आतल्या मागच्या चाकाचा भार काढून घ्यावाच लागतो. ते काम पुढच्या कॅस्टरचं, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं (किंगपिन) तिच्या मागं कलण्याचं. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, वजन त्याच्यावर आणि तिरप्या बाजूला बाहेरच्या मागच्या चाकावर जातं, आतलं मागचं मोकळं होतं. तुझ्या फोटोत किंगपिनचा सी ब्रॅकेट जवळजवळ उभाच लावलाय. कॅस्टर नाहीच, तर चाक उचलणार कोण? म्हणून सरळ पळायची. रेसिंग कार्टला हा कल साधारण दहा अंशांच्या पुढंच असतो.

उड्यांचं कारण वेगळं. चाक उचललं गेलं की ते सावकाश उचलून सावकाश टेकवायचं काम फ्रेमच्या पिळाचं असतं. इथं फ्रेम हीच स्प्रिंग. तू स्प्रिंगला गसेट मारलेस. ते तिरके पाइप कापून काढ, सी ब्रॅकेट कलता लाव, सीट थोडी पुढं घे आणि मग चालवून बघ. सीटसुद्धा चेसिसचाच भाग असते हे पोरांना सांग. फायबरची सीट चार ठिकाणी बोल्टनं कसली की तिनंही फ्रेमचा ताठपणा बदलतो. रेसच्या दिवशी मेकॅनिक सीट स्टेचे (सीट धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट सैल-घट्ट करत बसतात ते उगाच नाही.

आता क्रोमोली. ती आणली की फ्रेम ताठ होते असा एक गैरसमज लई पसरलाय. ताठपणा स्टीलच्या जातीवर नसतो, पाइपच्या व्यासावर आणि जाडीवर असतो. क्रोमोलीचा उपयोग असा की ती पिळून परत जागेवर येते. माइल्ड स्टीलची फ्रेम काही दिवसांनी बसते, एक कोपरा खाली जातो, आणि मग कार्ट डाव्या वळणाला एक वागते, उजव्याला दुसरं. चांगल्या रेसिंग फ्रेमला ३० किंवा ३२ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप असतो. ३२ चा घेतलास तर मीटरला जवळपास दीड किलो भरतो. आपल्या शेजारी जालना म्हणजे पोलादाचं गाव, पण तिथं सळई. हा पाइप तिथं शोधू नको. मुंबईत सी. पी. टँक-कुंभारवाड्याकडं पाइपवाल्यांची रांग आहे, तिथं विचार. आणि टेस्ट सर्टिफिकेट घेतल्याशिवाय पैसे देऊ नको. पाइपावर रंगानं ‘४१३०’, म्हणजे क्रोमोलीचा नंबर, लिहिलंय म्हणजे आत ४१३० आहे असं नसतं.

वेल्ड टिगनंच (आर्गन गॅसच्या वेल्डिंगनं) कर. काळी साल फ्लॅपनं उतरव, जोडाच्या दोन्ही बाजूंनी आणि आतूनसुद्धा, मग अ‍ॅसिटोननं पूस. पाइपाचं तोंड असं कापायचं की दुसऱ्या पाइपावर टेकवल्यावर उजेड दिसता कामा नये. फट रॉडनं भरणारा माणूस मला चालत नाही. आणि लाइनवर घाई असली की गरम जोडावर पाणी मारतात, ती सवय इथं सोड. ४१३० मध्ये कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास असतो. एकदम थंड केलं की जोडाच्या कडेची पट्टी कडक होऊन ठिसूळ होते. जोड सुंदर दिसतो, आणि त्याच्या शेजारून तुटतं. जिगमध्येच, क्लॅम्प न काढता, आपोआप थंड होऊ दे. पंखासुद्धा तिकडं वळवू नको.

वडिलांचं म्हणणं. श्रीमंताचा खेळ, खरंय. पण तो सुरू केला तुझ्या-माझ्यासारख्यानंच. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट बनवली. तो कर्टिस क्राफ्ट या रेसच्या गाड्या बनवणाऱ्या दुकानात फॅब्रिकेटर होता. त्या दुकानाच्या गाड्या तेव्हा इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकायच्या. यानं पाइप जोडून त्यावर गवत कापायच्या मशीनचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. ती बघून सायलेन्सरचं दुकान चालवणाऱ्या दोघांनी, डफी लिव्हिंगस्टन आणि रॉय डेस्ब्रोनी, तशा गाड्यांचे सुटे किट बनवून विकायला काढले. सायलेन्सरवाले! इटलीत १९५८ ला टोनी कार्ट निघाली, ती ब्रेशिया भागात, आणि तो भागही आपल्या एमआयडीसीसारखा धातुकामाचाच. आपल्या देशात कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती नावाची रेसगाडी बनवली, तिच्यावर कितीतरी पोरं रेसिंग शिकली. तिथल्या करी मोटर स्पीडवेला त्यांचंच नाव आहे. या सगळ्यांत ड्रायव्हरचं नाव मोठं झालं ते झालं, पण आधी कुणीतरी पाइप कापला होता.

माझं म्हणशील तर मीही बजाजनगरात खोली करून राहणारा, रिक्षाच्या चेसिसवर गन चालवणारा. एका ट्रॅकवरच्या मेकॅनिकच्या ओळखीनं कोइम्बतूरला गेलो. वाटलं जाताच टिग हातात देतील. दिली चिंधी. फ्रेमा धुवायच्या आणि भेगा शोधायच्या, हेच काम कित्येक दिवस. पण खरं शिक्षण ते. भेग कशी शोधतात सांगतो, कारण हेच काम तुला पहिल्यांदा पैसे देईल. फ्रेम डिझेलनं, मग क्लीनरनं धुवायची. बेअरिंग हँगरचे जोड, सीट स्टेचे जोड आणि स्टिअरिंगचा आधार एवढ्या जागी पेंट खरवडून लाल डाय फवारायची. थोडं थांबायचं. कापडानं पुसायचं, पण क्लीनर थेट जोडावर मारायचा नाही, नाही तर भेगेतला रंगही धुऊन जातो. मग पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर सगळं कोरं राहतं, आणि अचानक वेल्डच्या कडेला, वेल्डवर नाही, कडेला, केसाएवढी लाल रेघ वर येते. ती रेघ बघून मालक माझ्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, हा पाइप काढ. वेल्ड करून टाकू नको, पाइप काढ. तेव्हापासून मी कधी भेगेवर रॉड चढवत नाही.

दुसरं बघायचं ते फ्रेमचं पोट. कार्ट जमिनीपासून एवढी खाली असते की कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) घासून खालचे पाइप चपटे होतात. वरून २ मिलिमीटरचा दिसणारा पाइप खालून निम्मा राहिलेला असतो. बोटानं चाचपडलं की कळतं, मग जाडी मोजायची.

आता पैशाचं, हे नीट वाच. फ्रेम बनवून पोट भरत नाही. मोठ्या चॅम्पियनशिपमध्ये चेसिस होमोलोगेटेड (रेसिंग संघटनेनं मान्य केलेली) लागते, तिथं तुझी-माझी फ्रेम उतरत नाही, आणि पैसेवाला ग्राहक इटलीचं स्टिकर बघूनच घेतो. कॉलेजची पोरं वर्षाला एक करतात, तीही स्पॉन्सर शोधत. पैसा मोडणाऱ्या वस्तूत आहे. भाड्यानं कार्ट फिरवायचे ट्रॅक असतात ना, दहा मिनिटांचं तिकीट काढून बसायचं, ते तुझे ग्राहक. तिथं रोज नवशिके येतात आणि रोज कुठंतरी ठोकतात. बंपर वाकतो, सीट स्टे तुटतो, टाय रॉड वाकतो, पेडल उचकटतं, फ्लोअर ट्रे फाटतो. होंडाचं जीएक्स २०० सारखं १९६ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन असलं तर थरथरीनं सायलेन्सरचा ब्रॅकेट ठरलेल्या जागी तडकतो. रविवारी रात्री मोडलेलं शुक्रवारच्या आत जागेवर पाहिजे. बाहेरून पार्ट मागवला तर कार्ट तोवर उभी, आणि उभी कार्ट तिकीट कमावत नाही. तू ब्रॅकेट थोडा जाड पट्टीचा, कोपरा गोल करून, मध्ये रबर बुश घालून दिलास आणि तो पुढच्या वेळी तडकला नाही, की झालं, तो माणूस दुसरीकडं जात नाही.

यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक जिग. तुझा पन्नासावा बंपर पहिल्याच्या भोकांत बसला पाहिजे, ट्रॅकवरच्या पोरानं पाना घेऊन पाच मिनिटांत बदलला पाहिजे. जाड प्लेटचं टेबल कर, सपाट करून घे, त्यावर पिना बसव. माझ्या शेडमध्ये मशीनपेक्षा जिगांनी जास्त जागा खाल्लीय, बायको त्याला भंगार म्हणते. दुसरी गोष्ट वही. कुठल्या ट्रॅकला कुठला पार्ट कधी दिला, कुठून तुटला, पट्टी किती जाड होती. वहीतूनच कळतं काय बदलायचं.

जे करू नकोस तेही सांगतो. स्टब अ‍ॅक्सल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो आस) आणि स्टिअरिंगचा दांडा माहीत नसलेल्या मालातून बनवू नको. वाकलेला स्टब अ‍ॅक्सल तापवून सरळ करून दे म्हणणारे येतील, कधीकधी जास्त पैसे दाखवतील. त्यांच्यादेखत ग्राइंडरनं कापून टाक. बंपर तुटला तर पैसे जातात, स्टब अ‍ॅक्सल तुटला तर पोरगं जातं.

आणि हो, मी अजूनही एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) रेलिंगी घेतो. गंगापूरकडच्या कितीतरी बंगल्यांच्या जिन्यांना माझा हात लागलाय. रेसिंगचं काम वर्षभर सारखं येत नाही. नोकरी लगेच सोडू नकोस. आधी सुट्टीच्या दिवशी एखाद्या ट्रॅकचं काम धर.

नांदेड_रेसिंग_ताई

काका, गसेटबद्दल पूर्ण पटलं, पण आमची बाजू पण ऐका. कॉलेजच्या स्पर्धेत तपासणीला जे बसतात ते बंपर, फायरवॉल, जोडांची मजबुती बघतात. फ्रेम हलतीय म्हटलं की मार्क कापतील ही भीती असते, म्हणून आम्ही पोरीपोरं सॉफ्टवेअरवर ताण लाल दिसला की तिथं पाइप घालतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये चारी कोपरे जखडलेले धरतो, ट्रॅकवर तसं नसतंच.

@सीओटू_गन दादा, तुम्ही खरंच हे करणार असाल तर एक करा. कॉलेजच्या टीमला फक्त वेल्डिंग नका विकू. ड्रॉइंग हातात आलं की एक बैठक लावा आणि सांगा हा कोन हातानं वेल्ड होणार नाही, इथं टॉर्च जात नाही. आमच्या गेल्या फ्रेममध्ये तीन पाइप एका बिंदूला आणले होते. वेल्डरनं मुकाट्यानं केलं आणि आतल्या बाजूला अर्धा जोड रिकामा राहिला. आधी बोलला असता तर आम्ही पाइप दोन बोटं सरकवला असता. या सल्ल्याचे वेगळे पैसे मागा, टीमा देतात. स्पर्धेत कॉस्ट रिपोर्ट असतो, त्यात पक्कं बिल लागतंच.

परभणी_ते_कोइम्बतूर

मी इकडंच आहे सध्या, एका वर्कशॉपमध्ये. भाषेची फिकीर करू नको, मापं सगळीकडं सारखीच. पण ‘जावं का’ याचं उत्तर तू काय शिकायचंय त्यावर आहे. टिग शिकायला एवढ्या लांब यायची गरज नाही, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं मशीनिंग आणि टूलिंगचे चांगले कोर्स असतात. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, तिथंही चौकशी कर. इकडं यायचं ते रेसच्या दिवशी पॅडॉकमध्ये (टीमा गाड्या तयार करतात त्या आवारात) उभं राहून बघायला. मेकॅनिक काय मागतो, किती मिनिटांत मागतो. जानेवारीच्या सुमारास इथल्या ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही स्पर्धा होते, देशभरच्या कॉलेजांच्या टीमा येतात. तेवढ्यासाठी एकदा ये, झोपायची सोय माझ्याकडं.

काकांनी स्प्रॉकेटचं लिहिलं नाही. रेसिंग कार्टला २१९ ची चेन असते, पिच (दोन पिनांमधलं अंतर) ७.७७४ मिलिमीटर. मोटारसायकलची चेन-स्प्रॉकेट त्याला चालत नाही. ट्रॅकनुसार दात बदलतात, म्हणून एकेकाकडं स्प्रॉकेटचा गठ्ठाच असतो, आणि ते झिजतात पण. अ‍ॅल्युमिनियममध्ये कापून घेणारा कुणी गिअर कटिंगवाला चिकलठाण्यात धरलास तर वेल्डिंगशिवाय चार पैसे सुटतील.

आर्गन_काका

स्प्रॉकेटचं मुद्दाम नाही लिहिलं, तो माझा माल आहे. 😄 बरं, लिहिलंसच तर ऐक. पट्टी स्वस्त मिळते म्हणून मऊ अ‍ॅल्युमिनियम घेऊ नको, ७०७५ नंबरचं कडक घे. मऊ दात दोन रेसमध्ये वाकतात आणि चेन उडाली की नाव आपलं.

ताळेबंद_जालना

वेल्डिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाळूज-शेंद्र्याच्या छोट्या शेडवाल्यांची खाती बघतो म्हणून लिहितो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या दिवशी कर, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नको. तिचा फायदा वसुलीला होतो. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकराच्या नियमामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, जेव्हा देईल तेव्हाच मिळतो. मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करतात, हे मी बघितलंय. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छाप.

मशीनसाठी पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) बघ. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, विशेष गटाला अनुक्रमे २५ आणि ३५. शेड गावाच्या हद्दीत आहे की शहराच्या, यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून जागा भाड्यानं घ्यायच्या आधी विचार. फक्त अनुदान हातात येत नाही, ते बँकेत ठेवीसारखं तीन वर्षं पडून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. त्या पैशावर घरखर्चाचं गणित बांधू नको.

सीओटू_गन

सगळ्यांचे आभार. काका, काल कामावरून आल्यावर पोरांना बोलावून ते तिरके पाइप कापले. सी ब्रॅकेट अजून तसाच आहे, पण उड्या बऱ्याच कमी झाल्या. वळत मात्र अजून नाही. वडिलांना इंगल्सचं सांगितलं, ते म्हणाले, त्याच्याकडं जमीन किती होती विचार.

ताई, तीन पाइप एका बिंदूला आमच्या ड्रॉइंगमध्ये पण होते. मीही मुकाट्यानंच केले.

काका, एक विचारायचं होतं. शेड बघायला आलो तर चालंल का? आणि सुरुवातीला कुठलं टिग मशीन घेऊ, एसी-डीसी का नुसतं डीसी? आमच्या इथं एक जुनं डीसी विकायला आहे.

आर्गन_काका

ये की. आपल्या वाळूजच्या पंढरपूरच्या चौकातून जोगेश्वरीच्या रस्त्याला लागलास की फोन कर, नंबर मेसेजमध्ये टाकतो. येताना तो सी ब्रॅकेट कापून घेऊन ये. पुढचा पाइप न हलवता कॅस्टर कसा घ्यायचा ते टेबलावर दाखवतो.

डीसी चालंल. क्रोमोली, माइल्ड, एसएस सगळं डीसीवर होतं. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतं, ते सध्या बाहेरून करून घे. मशीन घ्यायच्या आधी कमी अँपिअरवर आर्क लावून बघ. वीस-पंचवीसवर आर्क थरथरला तर पातळ सायलेन्सरच्या पत्र्याला भोकं पाडशील, मग कितीही स्वस्त असू दे, सोडून दे. पायाचा पेडल चालू आहे का तेही बघ, विकणारे तो हमखास ‘घरी राहिलाय’ म्हणतात. वडिलांना पण घेऊन ये, जमिनीचं मीच सांगतो त्यांना.